सही कोणाची?

शाळेच्या कागदावर चारच ओळी होत्या. आठवी-नववीतल्या मुलींसाठी जूनमध्ये शिबिर, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस, दर सवलतीचा, पालकांनी सही करून कागद वर्गशिक्षिकांकडे द्यावा. लशीचं नाव नव्हतं, ती किती वेळा टोचायची हे नव्हतं, नंतर काही झालं तर फोन कुणाला करायचा हेही नव्हतं. २०२४ च्या मे महिन्यात वहिनी लेकीला घेऊन पुण्याहून बार्शीला आली, तेव्हा हा कागद तिनं मुद्दाम सोबत आणला होता. ताईला दाखवायला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. उभी नोकरी आरोग्य खात्यात नर्स म्हणून गेली, त्यातली बरीच वर्षं शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याला आता आपण धाराशिव म्हणतो. वहिनी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि तरुणपणी बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या मंडळींत वावरलेली आहे. दोघींचं एरवी चांगलं जमतं. त्या दुपारी ताईनं कागद वाचला आणि वहिनी काही बोलायच्या आत उत्तर द्यायला सुरुवात केली.

“लस दिली की पोरी मोकाट सुटतील असं वाटतंय ना तुला? अगं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कुणी मुद्दाम गंजक्या खिळ्यावर पाय देत नाही.”

“ताई, ते मला नका सांगू. ती भीती मला नाही. मूल होत नाही, पाळी बिघडते, तसल्या फॉरवर्डवरही माझा विश्वास नाही. मला या सहीची अडचण आहे.”

“सहीची कसली अडचण?”

“खम्मम आठवतं?”

ताईला आठवत होतं. मला अर्धवट आठवत होतं, म्हणून वहिनीनं पहिल्यापासून सांगितलं. २००९ च्या जुलैत तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि पाठोपाठ गुजरातेत वडोदऱ्याला ही लस मुलींना द्यायला सुरुवात झाली. ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था, आपली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि दोन्ही राज्य सरकारं त्यात होती. दहा ते चौदा वयाच्या, चोवीस हजारांच्या आसपास मुली. लस कंपन्यांनी फुकट दिलेली. खम्ममच्या मुलींत आदिवासी पुष्कळ, आश्रमशाळांत नि वसतिगृहांत राहणाऱ्या. दिल्लीच्या ‘समा’ या गटाच्या कार्यकर्त्या तिथं जाऊन मुलींशी, पालकांशी बोलल्या, तेव्हा प्रकरण उघडं पडायला लागलं. दोन्ही ठिकाणच्या मिळून सात मुलींच्या मृत्यूची बातमी झाली आणि २०१० च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं सगळं थांबवलं.

“त्या सातांतली एक पाण्यात बुडाली होती,” ताई म्हणाली. “एकीला साप चावला होता. कुणी कीटकनाशक प्यायलेली. चौकशी समिती बसली, तिनं लशीशी संबंध दिसत नाही असंच म्हटलं. हे का नाही सांगत?”

“सांगते की. लशीनं मुली मेल्या असं मी कधीच म्हटलं नाही. पण २०१३ मध्ये संसदेच्या समितीचा अहवाल आला, तो मी वाचलाय. हजारो संमतीपत्रांवर आईबापांच्या सह्याच नव्हत्या, वसतिगृहाच्या अधीक्षकांनी केल्या होत्या. कितीतरी अंगठे, त्यांना साक्षीदार नाही. मुलगी आजारी पडली तर ते टिपून घ्यायची धड व्यवस्था नाही. म्हणजे लशीनं काही झालं असतं तरी कळलं नसतं, आणि नाही झालं तेही खात्रीनं सांगायला तुम्हाला नंतर चौकशी बसवावी लागली. आणि आता पुण्यातली शाळा मला चार ओळींचा कागद पाठवते!”

ताई यावर गप्प राहिली नाही, पण तिचा आवाज उतरला. तिनं सांगितलेली गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि मला वाटतं, या सगळ्या वादात तीच सर्वांत विचार करण्यासारखी आहे.

त्याच सुमारास देशात दुसरी एक चाचणी चालू होती. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आणि भारतातली नऊ केंद्रं मिळून ती करत होती. त्यात पुण्याचं एक केंद्र होतं आणि आमच्या बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटलही होतं. प्रश्न साधा होता: तीन सुयांऐवजी दोन पुरतील का? खम्ममचा गदारोळ झाला तेव्हा सरकारनं सगळंच बंद करायला सांगितलं. तोवर १७,७२९ मुलींना किमान एक सुई मिळाली होती. काहींच्या तिन्ही झालेल्या, काहींच्या दोन, आणि पाच हजारांच्या आसपास मुली एकाच सुईवर थांबलेल्या. लस थांबली तरी संशोधकांनी मुलींचा माग सोडला नाही. दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. एकच सुई मिळालेल्या मुलींनाही हा कर्करोग करणाऱ्या विषाणूच्या १६ आणि १८ या मुख्य दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून दोन-तीन सुयांइतकंच संरक्षण मिळालं होतं. दुसऱ्या देशांतूनही तसेच पुरावे येत होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नऊ ते वीस वयाच्या मुलींना एक सुईही चालेल असं सांगितलं. गरीब देशांच्या दृष्टीनं खर्च एकदम खाली आला.

“म्हणजे तुझ्या त्या खम्ममच्या भांडणातून निघालंय हे,” ताई म्हणाली. “बार्शीच्या नि पुण्याच्या पोरींनी जगाला शिकवलंय.”

“त्यांनी शिकवलं नाही, ताई. त्यांच्यावरून शिकलं गेलं. एका सुईवर थांबायचं हे त्या पोरींनी कुठं ठरवलं होतं?”

“चाचणीत यायचं तर त्यांच्या आईबापांनी ठरवलं होतं ना.”

“तीन किंवा दोन सुया मिळतील म्हणून ठरवलं होतं.”

इथं मला वहिनीचं पटलं आणि नाहीही पटलं. चाचणी थांबवण्याचा हुकूम संशोधकांनी दिला नव्हता. अर्धवट राहिलेल्या मुलींना सोडून देण्यापेक्षा दहा वर्षं त्यांच्या दाराशी जात राहणं हे जास्त जबाबदारीचं काम होतं. पण ज्यांच्या अंगावर हा पुरावा उभा आहे, त्या मुलींना आज कुणी जाऊन तो समजावून सांगितलाय का, हा प्रश्न वहिनीनं विचारला नाही. विचारायला हवा होता.

ताईनं मग विषय आपल्या रानात नेला. ती सांगू लागली की बार्शीच्या हॉस्पिटलची आणि मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलची माणसं उस्मानाबादच्या गावागावांत बायका तपासत होती, १९९९-२००० च्या सुमाराला सुरुवात झाली. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे बावन्न गट पाडलेले. काही गटांत बायकांच्या गर्भाशयमुखावरचा नमुना घेऊन विषाणूची तपासणी, काहींत पेशींची पॅप तपासणी, काहींत पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. “पहिल्यांदा बाया येईचनात. पाळी गेलीय, आता तिथं काय बघायचंय म्हणायच्या. अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय, हे सासूला सांगायचं नाही, नवऱ्याला सांगायचं नाही. रक्त जायला लागलं की मग यायच्या, तेव्हा हातात काही उरायचं नाही.”

“आणि चौथा गट?” वहिनीनं विचारलं.

ताईनं मान हलवली. चौथ्या गटातल्या तीस हजारांहून जास्त बायकांना आरोग्याची माहिती दिली, तपासणी कुठं होते तेही सांगितलं. पण तपासलं नाही. तुलनेसाठी. अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची विषाणूची तपासणी फक्त एकदा झाली त्या गटात या कर्करोगानं ३४ बायका गेल्या, न तपासलेल्यांत ६४.

“चौसष्ट,” वहिनी म्हणाली.

“मला ठाऊक आहे चौसष्ट. तेव्हा सरकारी व्यवस्थेत कुठंच तपासणी नव्हती, म्हणून ‘नेहमीची सोय’ म्हणजे काहीच नाही असा हिशेब झाला. त्यावर टीका झाली ती मी पण वाचली. पण त्या चौसष्टांचं मला जे वाटतं ते तुझ्यापेक्षा वेगळं आहे. मला वाटतं, निकाल लागल्यावर तरी सगळ्या देशात ती तपासणी लगेच सुरू व्हायला हवी होती. झाली का?”

झाली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं, तर आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झाल्याचं सांगणाऱ्या देशभरात १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनसुद्धा नाहीत. आणि २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कर्करोग झाला, ऐंशी हजारांच्या आसपास गेल्या.

वहिनीचा खरा मुद्दा यानंतर आला. “मग तपासणीवर पैसा का नाही लावत? लस दिली की सरकार मोकळं, शाळा मोकळी, फोटो काढून शिबिर भरवणारा क्लब मोकळा. स्वीडनचे, इंग्लंडचे आकडे दाखवतात. तिथं लशीच्या मागं तपासणीची व्यवस्था उभी आहे.”

“स्कॉटलंडचं ऐकलंस? बारा-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या पोरी आता तिशीला आल्यात. त्यांच्यात हा कॅन्सर झालेली एकही बाई सापडली नाही. याच जानेवारीत छापून आलंय.”

“तिथं त्यांना पंचविशीपासून तपासणीचं पत्र घरी येतं.”

“बरं. तुझी तपासणी झालीय?”

“झालीय. दोनदा.” वहिनी हसली. ताईला वाटलं होतं ती सापडेल.

“छान केलंस. सुट्टी काढावी लागली असेल? लेडी डॉक्टर शोधली असशील, पैसे भरले असशील, रिपोर्ट आणायला पुन्हा गेली असशील. आता मला सांग, ऊसतोडीला गेलेल्या बाईनं हे कधी करायचं? कोयता दिवाळीत निघतो, उन्हाळ्यात परत येतो. तिशीनंतर बाई कुठं सापडते मला विचार, तीस वर्षं शोधत हिंडलेय मी. तेरा वर्षांची पोर बाकावर बसलेली असते. तेवढाच काळ ती सापडते. पुढं लग्न, बाळंतपण, मजुरी. मी लशीच्या मागं आहे ती याच्यासाठी. तपासणी नको असं मी म्हणत नाही. लस घेतलेल्या पोरीलाही तिशीनंतर तपासायचंच आहे. सगळे प्रकार काही लशीत नसतात.”

ऊसतोडीचं नाव निघालं आणि वहिनीनं ते उचललं. “तुमच्या त्या शेजारच्या बीडमध्ये काय झालं? कॅन्सर होईल म्हणून भीती घातली आणि पिशव्या काढल्या. पंचविशी-तिशीतल्या बायकांच्या.”

ताईचा चेहरा बदलला. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायकांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला सोनोग्राफीच्या पडद्यावर काहीतरी दाखवायचं आणि उद्या कॅन्सर होईल म्हणायचं. बाई कर्ज काढते, मुकादमाकडून उचल घेते, ऑपरेशन करून मोकळी होते. खाडा झाला तर दंड, म्हणून पाळीच नको, हाही हिशेब त्यात होता.

“यावर मी तुझ्याशी भांडणार नाही,” ताई म्हणाली. “ते पाप आहे. पण बाईला जर माहीत असतं की हा रोग एका विषाणूनं होतो, तो शिरल्यापासून कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, राहिलाच तर डाग दिसतो आणि तो डाग तिथल्या तिथं गोठवून काढता येतो, पिशवीला हात लावावा लागत नाही, तर तिला कुणी एवढं घाबरवलं असतं?”

“मग हेच त्या कागदावर लिहा की!”

आता दोघी पहिल्यांदाच एका बाजूला आल्या, आणि लगेच नवीन अडचण उभी राहिली. विषाणू येतो कुठून, हे लिहायचं का?

हा प्रश्न जुना आहे. १८४२ मध्ये इटलीत रिगोनी-स्टर्न या वैद्यानं वेरोनाच्या मृत्यूंच्या नोंदी चाळल्या, तेव्हा त्याला दिसलं की गर्भाशयाच्या कर्करोगानं लग्न झालेल्या बायका मरतात, मठातल्या जोगिणी जवळपास नाहीत. त्याचं कारण हातात यायला एकशेचाळीस वर्षं लागली. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये या कर्करोगाच्या गाठीतून मानवी पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार वेगळा काढला, वर्षभरात अठरावा. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. लस त्याआधीच, २००६ पासून, बाजारात आली होती. तिच्यात विषाणू नसतो. त्याच्या बाहेरच्या कवचातलं एक प्रथिन यीस्टसारख्या पेशीत तयार करतात, ते आपोआप जुळून पोकळ गोळा होतो, आणि शरीर त्या रिकाम्या गोळ्यालाच शत्रू समजून तयारी करतं. वहिनी हे वर्गात शिकवते. अडचण यीस्टची नाही, जोगिणींची आहे.

“मी बायकांना सरळ सांगायची,” ताई म्हणाली. “संबंधातून येतो. नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून नवऱ्याला. सर्दीसारखा जवळपास सगळ्यांना कधी ना कधी लागतो, त्यात कुणाच्या चालचलणुकीचा प्रश्न नाही. जन्मभर एकाच माणसाबरोबर राहिलेल्या बाईलाही होतो. हे ऐकून कितीतरी जणींच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यांना वाटत असायचं आपणच काहीतरी वाईट केलं.”

“मग मुलग्यांना का नाही देत? विषाणू आणायचा त्यांनी, सुई टोचायची हिला?”

“द्यावी. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून देतात पोरांना. आपल्याकडं पैशाचा प्रश्न आहे म्हणून आधी पोरी. तुला परवडत असेल तर धाकट्यालाही दे नऊ वर्षांचा झाला की.”

वहिनीनं हे लिहून घेतलं. खरंच, पेनानं, त्या कागदाच्या मागच्या बाजूला. मग ती दरावर आली. परदेशी नऊ प्रकारांची लस तेव्हा एका सुईला दहा हजारांच्या घरात जात होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ला सरकारी मंजुरी २०२२ मध्ये मिळाली, २०२३ च्या सुरुवातीला ती बाजारात आली, दोन सुयांची कुपी दोन हजारांना. चार प्रकारांवरची: ६, ११, १६, १८. यातले शेवटचे दोनच जगातल्या सत्तर टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना कारण आहेत.

“तुम्ही म्हणालात एक सुई पुरते. मग डॉक्टर दोन का सांगतात?”

“सहा महिन्यांच्या अंतरानं दोन, चौदा वर्षांपर्यंत. पंधरा झाली की तीन.”

“ते मी विचारलं नाही. बार्शीच्या मुलींना दिलेली लस परदेशी होती ना? मग एका सुईचा पुरावा त्या लशीचा झाला. या लशीचा नाही.”

ताई क्षणभर तिच्याकडं बघत राहिली. “बरोबर आहे. म्हणून आपल्या लशीच्या दोन घ्यायच्या. आणि टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं पोरीला. या वयात सुईनं चक्कर येते, पोरगी उभ्यानं पडली की तीच बातमी होते. जपानमध्ये काय झालं? २०१३ मध्ये पोरींच्या तक्रारींचे व्हिडिओ टीव्हीवर फिरले, सरकारनं घ्या म्हणणंच बंद केलं. सत्तर टक्के पोरी घेत होत्या, एक टक्कासुद्धा राहिल्या नाहीत. पुन्हा घ्या म्हणायला २०२२ उजाडलं. तुझ्यासारख्या प्रश्न विचारणाऱ्यांचं मला तेवढंच भय वाटतं. तू प्रश्न विचारून लस घेशील. तुझा प्रश्न ऐकून दुसरी घेणारच नाही.”

याला वहिनीकडं उत्तर नव्हतं, आणि तिनं ते असल्याचं दाखवलंही नाही. ती एवढंच म्हणाली, “मी हिला लस देणार आहे, ताई. ते येण्यापूर्वीच ठरलंय. फक्त या कागदावर सही करणार नाही.”

“म्हणजे तू गाडीत घालून डॉक्टरकडं नेशील. आणि तिच्या वर्गातल्या कामवाल्या बाईच्या पोरीनं काय करायचं?”

मग कागदच बदलायचा असं निघालं. वहिनी सांगत होती, ताई खोडत होती, मी लॅपटॉपवर टाइप करत होतो. लशीचं नाव आणि कंपनी. किती सुया, दुसरी कधी. दंड दुखतो, ताप येऊ शकतो, चक्कर येते. शिबिरात डॉक्टर कोण, त्यानंतर तीन दिवस कुणाचा फोन चालू राहील. पैसे कोण देतंय. ज्यांना देणं जमत नाही त्यांचे कोण देणार. विषाणू कसा पसरतो, दोन वाक्यांत. आईनं स्वतःची तपासणी कुठं करून घ्यायची, एका वाक्यात. हे ताईनं घातलं. आईबापाच्या सहीशेजारी मुलीची सही. हे वहिनीनं घातलं आणि इथं पुन्हा जुंपली.

“सुईला कोणती पोर हो म्हणणार? तेरा वर्षांच्या पोरीला विचारून गोवराची लस दिली असती तर गाव मोकळं झालं असतं.”

“गोवराची लस नऊ महिन्यांच्या बाळाला देतात, ताई. ही बोलते. नाही म्हणाली तर समजावून सांगू.”

“कोण सांगणार? चाळीस पोरी, एक बाई.”

“म्हणून सही हवी. सही हवी म्हटलं की कुणालातरी सांगावंच लागेल.”

शेवटी सहीची ओळ राहिली, पण ताईच्या अटीवर: सही न करणाऱ्या मुलीचं नाव यादीतून काढायचं नाही, पुढच्या शिबिराला तिला पुन्हा विचारायचं. नकार देणाऱ्या बायकांची नावं ती रजिस्टरात पेन्सिलनं लिहायची, असं ती म्हणाली. शाईनं लिहिलं की पुढची नर्स त्या दारात जातच नाही.

वहिनीनं तो मसुदा संध्याकाळी मुख्याध्यापिकांना व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. सूचना चांगल्या आहेत, लशीचं नाव, डॉक्टरांचा फोन, दुसऱ्या सुईची तारीख घालू, मुलीच्या सहीलाही हरकत नाही. फक्त विषाणू कसा पसरतो ती दोन वाक्यं गाळावीत, पालकांच्या तक्रारी येतील.

“बघा,” वहिनी म्हणाली.

ताई चहा गाळत होती. “किती वाजता मोकळ्या असतात त्या? मला नंबर दे त्यांचा.”